साखर, टाके आणि ऑपरेशनच्या आधीचे दिवस

बायपास करून घरी आलेल्या माणसाच्या अंगावर बहुधा दोन जखमा असतात. एक छातीच्या मधोमध, उभी. दुसरी पायाच्या आतल्या बाजूला, कारण हृदयाला जोडायची शीर बऱ्याचदा तिथूनच काढलेली असते. भेटायला येणारे सगळे छातीची विचारपूस करतात. पेशंटला मधुमेह असेल तर घरच्यांच्या डोक्याला ताप मात्र पुष्कळदा पायाची जखमच देते. छातीवरची खपली केव्हाच निघून गेलेली असते आणि इकडे घोट्याच्या चार बोटं वर टाक्यांची एक जागा ओलीच राहिलेली, पट्टीवर रोज पिवळसर डाग. माणूस तोच, साखर तीच, ऑपरेशन एकाच दिवशी, एकाच टेबलावर झालेलं. फरक असतो रक्तपुरवठ्याचा. पाय हृदयापासून सगळ्यात लांब, वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने तिथल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, शीर काढल्यामुळे पाऊल सुजलेलं, आणि त्यात पेशंट दिवसभर खुर्चीत पाय खाली सोडून बसलेला.

‘डायबेटिसवाल्याची जखम भरत नाही’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य म्हणूनच जसंच्या तसं खरं नाही. बहुतेकांची भरते. जंतुसंसर्गाचा आणि टाके उसवण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, एवढंच त्यात खरं आहे, आणि त्या धोक्याचा बराचसा भाग कमी करता येतो. गोम अशी की तो कमी करण्याची वेळ पट्टी बदलताना येत नाही, त्याच्या कितीतरी आधी येते. मलम कोणतं लावायचं यावर घराघरांत जेवढा खल होतो, त्याचा चौथा हिस्सा जरी ऑपरेशनच्या आधीच्या दोन महिन्यांवर झाला तरी पुष्कळ जखमा निमूट भरून येतील.

हा प्रश्न थोडक्यांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. सगळ्यात वरचा क्रमांक गोव्याचा, २६.४ टक्के. गोव्यातल्या सर्जनसमोर येणाऱ्या दर चार प्रौढांत एक मधुमेही असणार, असा याचा सरळ अर्थ. त्यातल्या काहींना ते माहीतही नसतं. मोतीबिंदू किंवा हर्नियासाठी रक्त तपासतात आणि मधुमेह तिथे उघडा पडतो.

साखर जखमेचं नेमकं काय बिघडवते? कातडीवर चीर पडली की काही मिनिटांत रक्त गोठतं. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतू गिळायला लागतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज येतात, ते मेलेल्या पेशी आणि कचरा साफ करतात. मग फायब्रोब्लास्ट कोलॅजेनचे धागे विणतात, नव्या केशवाहिन्या फुटतात आणि जखमेत लालसर, दाणेदार मांस धरू लागतं. ड्रेसिंग करणारी अनुभवी सिस्टर ते लाल दाणे बघूनच ‘छान आहे’ म्हणते. फिकट, बुळबुळीत, करडं दिसलं तर ती काही न बोलता डॉक्टरांना बोलावते.

रक्तातली साखर खूप वाढलेली असली की न्यूट्रोफिल जखमेपर्यंत उशिरा पोचतात आणि पोचले तरी जंतू मारण्यात कमी पडतात. मॅक्रोफेजची गडबड वेगळी आहे. सुरुवातीला त्यांचं काम पाडकामाचं असतं, नंतर त्यांनीच बांधकामाकडे वळायचं असतं. मधुमेहात ही टोळी पाडकाम सोडायलाच तयार होत नाही. दाह रेंगाळतो, कोलॅजेन कापणारी विकरं जखमेत जास्त राहतात आणि नवं विणलेलं तिथल्या तिथे उसवलं जातं.

यात दोन प्रकारचं नुकसान आहे आणि ते वेगळं ओळखलं पाहिजे. एक वर्षांचं. केशवाहिन्यांच्या भिंती जाड होणं, पायाच्या संवेदना जाणं, कोलॅजेनला साखर चिकटून ते ताठर होणं. हे महिन्या-दोन महिन्यांत मागे फिरत नाही. दुसरं तासांचं. पांढऱ्या पेशींची सुस्ती ही त्या वेळच्या साखरेमुळे येते आणि साखर खाली आणली की बरीचशी जाते. ऑपरेशनच्या दिवशी वीस वर्षांचा जुना मधुमेह कुणी पुसू शकत नाही. त्या दिवसाची आणि पुढच्या दोन-तीन दिवसांची साखर मात्र हातात असते, आणि जंतू जखमेत शिरतात ते बहुधा त्याच वेळी.

नेमकी त्याच वेळी साखर उसळीही मारते. ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने मोठी दुखापत. कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन वाढतात, यकृत रक्तात साखर सोडतं, इन्सुलिनला स्नायू दाद देत नाहीत. मधुमेह नसलेल्यांचीही साखर अशा वेळी चढते. उलटी होऊ नये म्हणून भूल देताना डेक्सामेथासोन दिलं असेल तर आणखी चढते. वर भेटायला येणारे मोसंबीचा रस आणि बिस्किटांचे पुडे आणतात, ते वेगळंच.

साखर काबूत ठेवल्याने जखमेला खरंच फरक पडतो का, याचा एक ठळक दाखला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा आहे. तिथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मधुमेही रुग्णांना आधी साखर तपासून त्वचेखाली इन्सुलिन टोचत. नंतर शिरेतून थेंबथेंब सतत इन्सुलिन देण्याची पद्धत सुरू केली. १९८७ ते १९९७ या काळातल्या २,४६७ रुग्णांचा हिशेब ॲन्थनी फर्नरी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडला. छातीच्या हाडापर्यंत खोल गेलेला जंतुसंसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आला होता. हा आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांचा ताळा होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, त्यामुळे त्या दहा वर्षांत बाकीची काळजीही सुधारली असेल अशी शंका घ्यायला जागा आहे. तरी छातीच्या हाडात पू होणं काय असतं हे ज्यांनी पाहिलंय ते या आकड्याकडे दुर्लक्ष करणार नाहीत.

मग उत्साहाची लाट आली. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या अतिदक्षता विभागात साखर कडक बंदोबस्तात, निरोगी माणसाइतकी ठेवली तर मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर येतात, असं २००१ मध्ये जाहीर झालं. जगभर सगळे साखर ८० ते ११० मध्ये बसवायच्या मागे लागले. २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने ती लाट परतवली. साखर फार कडक ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, १८० पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९ टक्के. कडक गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंगही कितीतरी जास्त होते. तेव्हापासून मधला रस्ता धरला गेला. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची शिफारस ऑपरेशनच्या आगेमागे साखर १०० ते १८० मिलीग्रॅमच्या दरम्यान ठेवण्याची आहे. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची साखर ११० आणि आपल्या वडिलांची १६५ म्हणून नर्सशी भांडायला जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. १६५ ठीक आहे.

ती तिथे ठेवायची कशी, यावर आपल्याकडच्या पुष्कळ वॉर्डांत अजून जुनीच रीत चालते. दर सहा तासांनी बोटाला सुई, साखर अमुक असेल तर इन्सुलिन इतके युनिट, कमी असेल तर काहीच नाही. म्हणजे साखर चढेपर्यंत वाट बघायची आणि मग तिच्या मागे धावायचं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जनरल सर्जरीच्या २११ टाइप २ मधुमेही रुग्णांपैकी अर्ध्यांना असं नुसतं मागे धावणारं इन्सुलिन दिलं, तर उरलेल्या अर्ध्यांना दिवसभर पुरणारं एक आणि जेवणाबरोबरचं दुसरं अशी आधीच आखलेली मात्रा दिली. जखमेचा संसर्ग, न्यूमोनिया, मूत्रपिंड बिघडणं वगैरे गुंतागुंती पहिल्या गटात २४.३ टक्क्यांना झाल्या, दुसऱ्यात ८.६ टक्क्यांना. इन्सुलिन दोन्हीकडे होतं, मुख्य फरक ते आधीच आखून देण्यात होता.

इथे आडवी येते ती इन्सुलिनची भीती. ‘एकदा सुई लागली की जन्माची लागते’ म्हणून नातेवाईक हात जोडतात. इन्सुलिन येण्याआधी मधुमेह्याच्या अंगावर सुरी चालवायला सर्जन धजत नसत. ज्या फ्रेडरिक बँटिंगने टोरांटोत १९२१ मध्ये ते शोधण्याचं काम हाती घेतलं, तो स्वतः पेशाने सर्जन होता. ऑपरेशनपुरतं सुरू केलेलं इन्सुलिन टाइप २ च्या अनेक रुग्णांत आठवड्या-दोन आठवड्यांत थांबवता येतं, जुन्या गोळ्या परत सुरू होतात. ज्यांना ते पुढेही घ्यावं लागतं, त्यांना त्याची गरज आधीपासूनच होती, ऑपरेशनने ती फक्त उघड केली.

आता आधीच्या दोन महिन्यांकडे. ऑपरेशन ठरवून करायचं असेल, गुडघ्याचं, हर्नियाचं, तर एचबीएवनसी आधी बघतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ती चाचणी मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. शक्य तिथे ती ८ टक्क्यांच्या खाली आणावी, असा संकेत आहे. ९.५ आली म्हणून सर्जनने तारीख पुढे ढकलली की लोक चिडतात, मुलाने अमेरिकेहून रजा काढलेली असते. पण कृत्रिम सांध्यावर जंतू एकदा बसले की पुढची वर्षं कशी जातात हे पाहिल्यावर दीड महिना थांबणं फारच स्वस्त वाटेल.

या चाचणीच्या मर्यादाही आहेत. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. तिथे लाल पेशी लवकर फुटतात, त्यामुळे एचबीएवनसी खोटी कमी येऊ शकते. लोह कमी असलेल्या बाईची ती खोटी जास्त येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. अशा वेळी रोजच्या साखरेची वही किंवा दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिन चाचणी जास्त खरी. आणि प्रत्येक ऑपरेशन थांबवायचं नसतं. फुटायला आलेलं अपेंडिक्स, मोडलेला खुबा, पायात साठलेला पू यांत साखर उतरायची वाट बघणं उलट अंगाशी येतं. पू हाच साखर वाढवत असतो, तो बाहेर काढला की काही वेळा इन्सुलिनची गरज दुसऱ्या दिवशीच निम्म्यावर येते.

गोळ्यांपैकी एका वर्गाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्या आता स्वस्त झाल्या आहेत आणि सर्रास दिल्या जातात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. उपाशी पोट आणि ऑपरेशनचा ताण एकत्र आले की या गोळ्यांवरच्या माणसाच्या रक्तात आम्ल साठू शकतं, आणि फसवणूक अशी की साखर तेव्हा १६०-१७० च दिसते. पेशंटला मळमळ, पोटात दुखतंय, श्वास जोरात, आणि ग्लुकोमीटर सांगतो सगळं ठीक. म्हणून या दोन गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायच्या असतात. मेटफॉर्मिन सहसा त्या दिवशीच टाळतात. वजन उतरवण्यासाठी आठवड्याला एक इंजेक्शन घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते न विचारता सांगा, त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. औषधांची नावं पाठ नसली तरी चालेल, सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत.

तंबाखूचा प्रश्न डॉक्टर विचारतात, पण बहुतेकदा ‘सिगरेट ओढता का?’ असा. आजी खरं तेच सांगते, नाही. मशेरीबद्दल तिला कुणी विचारलेलंच नसतं. निकोटिन हिरडीतून गेलं तरी कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतंच. धूम्रपान ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडलं तर जखमेच्या तक्रारी कमी होतात, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. मशेरी, गुटखा, तपकीर त्याच यादीत धरावीत हे माझं मत.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडचे नियम जखमेच्या उलट बाजूला उभे आहेत. भात, डाळ खाल्ली की टाक्यात पू होतो, आंबट खाल्लं की जखम चिघळते, अंडं उष्ण. उरतं काय, तर साबुदाण्याची खीर आणि चहात बुडवलेली बिस्किटं, म्हणजे साखर भरपूर आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. नवं मांस प्रथिनांतूनच बनतं. जखम भरत असताना दर किलो वजनामागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, घट्ट वरणाच्या एका वाटीत ६ ते ८. हिशेब केला की कळतं, दोन वेळच्या वरण-भाताने हे भागत नाही. अंडी, मासे, चिकन, दही, पनीर, उसळ, जे घरात चालत असेल ते दिवसभरात तीन-चारदा पानात पडायला हवं. मूत्रपिंड कमजोर असेल तर आकडा डॉक्टरांनी ठरवायचा, आणि मधुमेहात ते तपासल्याशिवाय प्रोटीन पावडरचे डबे आणू नयेत.

आंबटाबद्दलचा समज तर पार उलटा आहे. कोलॅजेन घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतं. १७४० मध्ये निघालेल्या जॉर्ज अ‍ॅन्सनच्या ब्रिटिश आरमारी सफरीत खलाशांना या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही झाला, तेव्हा एकाच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या, केव्हाच भरून गेलेल्या जखमा पुन्हा उघडल्या, अशी नोंद त्या सफरीच्या वृत्तांतात आहे. जुन्या व्रणातलं कोलॅजेनही आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत असतं, त्याला खुराक मिळाला नाही की तो उसवतो. तेव्हा लिंबू, आवळा, पेरू खुशाल खावेत. मोसंबी खायची, तिचा रस प्यायचा नाही.

ऑपरेशन थिएटरमधल्या गोष्टी पेशंटच्या हातात नसतात, पण एक सांगण्यासारखी आहे. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या २०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ऑपरेशनभर अंग उबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्क्यांच्या जखमेत संसर्ग झाला, गार पडू दिलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या. थंडीने रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला ऑक्सिजन पोचत नाही, हे कारण. त्यामुळे थिएटरबाहेर ताटकळताना थंडी वाजत असेल तर ब्लँकेट मागून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि आदल्या रात्री घरीच ब्लेडने केस काढून जाऊ नये. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. केस काढायचेच असतील तर हॉस्पिटलात क्लिपरने काढतात.

घरी आल्यावर खरी परीक्षा टाचेची असते. पायाची संवेदना गेलेला माणूस पाठीवर पडून राहतो, टाच गादीवर दाबली जाते आणि गुडघ्याचे टाके सुंदर भरत असताना तिकडे टाच काळी पडते. तीच गोष्ट गरम पाण्याच्या पिशवीची. पाय शेकायला ठेवतात, चटका कळत नाही, सकाळी फोड. रोज दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, दुसऱ्या कुणीतरी उजेडात बघावेत.

जखमेवर काय घालायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘सांगितलेल्या पट्टीशिवाय काही नाही’ असंच आहे. हळदीतल्या करक्युमिनवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झालं आहे, पण फोडणीच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि ती पिवळी पूड जखमेचा रंग झाकून टाकते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला समाधान वाटतं, तो नव्या पेशीही मारतो. ज्या जखमा मुद्दाम उघड्या ठेवाव्या लागतात, तिथे मात्र एका यंत्राने चित्र बदललं. जखमेत स्पंज भरून वरून हवाबंद पट्टी लावतात आणि नळीने आतली हवा सतत ओढून घेतात. अमेरिकेत अर्जेंटा आणि मॉरिकवास यांनी १९९७ मध्ये ही पद्धत पुढे आणली. मधुमेहामुळे पावलाचा काही भाग कापावा लागलेल्या १६२ रुग्णांवर ती तपासली, तेव्हा ५६ टक्क्यांच्या जखमा भरल्या, साध्या ओल्या ड्रेसिंगवर ३९ टक्क्यांच्या. निकाल २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आपल्याकडे खर्च हाच मोठा अडसर आहे. शिवाय पायाला रक्तच पोचत नसेल तर यंत्र काही करू शकत नाही. आधी रक्तवाहिनी मोकळी करावी लागते.

संसर्ग बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान डोकं वर काढतो, म्हणजे पेशंट घरी पोचल्यावर. मधुमेहात ताप येईलच असं नाही, आणि संवेदना कमी झाल्या असतील तर दुखेलच असंही नाही. पहिली खूण कधीकधी ग्लुकोमीटरवरच दिसते. जेवण तेच, औषध तेच, आणि १५० च्या आसपास असलेली साखर दोन दिवस २६० च्या वर. अशा वेळी इन्सुलिनचे युनिट वाढवण्याआधी पट्टी उघडून बघायला सर्जनला फोन करावा. सांधा किंवा जाळी आत बसवलेली असेल तर ही नजर ९० दिवस ठेवायची असते.

टाके काढले की घरात सगळे हुश्श म्हणतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली उचलतो. वरची कातडी जुळलेली असते, पण तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळच्या साधारण २० टक्केच असते. पुढे काही महिन्यांत ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. मधुमेहात हा चढ आणखी सावकाश असतो, म्हणून पोटाच्या ऑपरेशननंतर वजन उचलण्यावरची बंदी सर्जन शेजाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त दिवस सांगतो.